डॉ. कोटणीस आणि जपानची युद्धस्मृती

डिसेंबर महिन्याच्या ९ तारखेला डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची पुण्यतिथी असते. सोलापूरचा हा तरुण शल्यचिकित्सक १९४२ साली उत्तर चीनमधील एका खेड्यात निवर्तला, तेव्हा त्याचे वय अवघे ३२ वर्षांचे होते. त्याच्या मृत्यूला ८० वर्षे पुरी होऊन जेमतेम एक आठवडा लोटला होता, तोच १६ डिसेंबर २०२२ रोजी जपानच्या मंत्रिमंडळाने संरक्षणविषयक तीन दस्तऐवजांना मान्यता दिली. संरक्षणावरील खर्च २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचे आणि पाच वर्षांत त्यासाठी ४३ लाख कोटी येन खर्च करण्याचे त्यात ठरले. शत्रूच्या तळावर प्रतिहल्ला करू शकणारी दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे बाळगण्याचाही निर्णय त्याच दिवशी झाला. या दोन तारखा जवळजवळ याव्यात हा निव्वळ योगायोग होय. परंतु जपानी सैन्याच्या गोळ्यांनी जखमी झालेल्या माणसांवर शस्त्रक्रिया करीत ज्याने आपले आयुष्य संपविले, त्याच्या चरित्राच्या अंगाने आजच्या जपानकडे पाहिले, तर सैन्य, राजकारण आणि स्मृती यांच्या परस्परसंबंधाविषयी काही उपयुक्त विचार करता येतो.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापुरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबातला. सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्यांचे गाव होते. त्यांच्या विशीत या गावाने जो प्रसंग पाहिला, तो भारतातील फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला असेल. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात उठाव झाला, गोळीबार झाला आणि १२ मे रोजी शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. राष्ट्रीय निशाण लावणे हा गुन्हा ठरला आणि मुलकी न्यायालयांच्या जागी लष्करी न्यायालये आली. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यास फासावर गेले. मुलकी सत्ता बाजूला सारून बंदुकीची सत्ता आली म्हणजे नगराचे काय होते, याची सोलापूरकरांच्या त्या पिढीला पुस्तकी माहिती असण्याची गरज उरली नव्हती.

कोटणीस वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईस आले आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुढील पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच १९३८ साल उजाडले.

या सालापर्यंत जपानमध्ये काय घडले होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला तेव्हा साऱ्या आशियाप्रमाणे महाराष्ट्राचीही मान उंचावली होती. युरोपीय सत्तेला नमविणारे आशियाई राष्ट्र म्हणून जपानकडे आदराने पाहिले जाई. परंतु त्या राष्ट्राच्या घटनेत एक घातक फट राहून गेली होती. १८८९ च्या मेजी घटनेनुसार सैन्याचे सर्वोच्च अधिपत्य सम्राटाकडे होते. याचा अर्थ सेनाधिकारी असा लावीत, की आपण मंत्रिमंडळाला जबाबदार नाही. शिवाय युद्धमंत्री हा सेवेतला सेनापतीच असावा असा नियम काही काळ शिथिल होऊन १९३६ मध्ये पुन्हा जारी झाला. त्यामुळे सैन्याने मंत्री देण्याचे नाकारले की मंत्रिमंडळ बनूच शकत नसे. सप्टेंबर १९३१ मध्ये मांचुरियातील सैन्याने तोक्योच्या संमतीची वाट न पाहता युद्ध उकरून काढले. मे १९३२ मध्ये पंतप्रधान इनुकाई यांचा नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी खून केला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या मालिकेतील सर्वांत बोलकी हत्या वाटते ती अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांची. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी जपानला सुवर्णपरिमाणातून बाहेर काढले आणि मध्यवर्ती बँकेकडून कर्ज उभारून सरकारी खर्च वाढविला. जगात महामंदी असताना जपानची अर्थव्यवस्था त्यामुळे लवकर सावरली. खर्च वाढविणे जितके आवश्यक होते, तितकेच तेजी आल्यावर तो आवरणेही आवश्यक आहे, हे ताकाहाशींना पक्के ठाऊक होते. त्यांनी लष्करी खर्चाला कात्री लावण्याचा आग्रह धरला आणि २६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे बंडखोर अधिकाऱ्यांनी त्यांना त्यांच्या घरात शिरून ठार केले. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. त्यानंतर सैन्याला अंदाजपत्रकात अडविण्याचे धैर्य फारसे कोणी दाखविले नाही. १९३७ नंतर तर सरकारी खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग सैन्याकडे जाऊ लागला. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याच हाती अखेर राज्य जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि चीनवर सर्वंकष युद्ध लादले गेले. डिसेंबरात नानकिंग पडले व तेथे जो संहार झाला, त्याने जग हादरले. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ चे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी निधी जमविण्याचे आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे एक पथक ठरले. डॉ. मदन अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. कोटणीस, डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे इतर सदस्य.

या मदतीची आर्थिक बाजू आपल्याकडे सहसा लक्षात घेतली जात नाही. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे जपान हे फार मोठे गिऱ्हाईक होते आणि ओसाकाच्या स्वस्त कापडाने मुंबई-सोलापूरच्या गिरण्या मेटाकुटीला आल्या होत्या. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत नेली, तेव्हा जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला. अखेर १९३४ मध्ये तडजोडीचा करार झाला. जपानविरुद्ध बोलण्यात गिरणीमालकाचा लाभ होता आणि कापूस पिकविणाऱ्याची हानी होती. अशा परस्परविरोधी हितसंबंधांच्या वर उठून काँग्रेसने चीनच्या बाजूने कौल दिला आणि जपानी मालावर बहिष्कार पुकारला, हे त्या पिढीचे मोठेपण होय.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. कँटनमार्गे ते हँकाऊस, तेथून माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर चुंगकिंगला गेले. तेथेच कोटणीसांना वडील निवर्तल्याची बातमी कळली. घरी परतण्याची मोकळीक असूनही त्यांनी काम अर्धवट टाकले नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. काही महिन्यांत चोळकर व मुखर्जी प्रकृतीच्या कारणाने मायदेशी आले. उरलेले तिघे त्या वर्षाच्या अखेरीस प्रत्यक्ष आघाडीकडे निघाले. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९३९ मध्ये, कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून आघाडीवर शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन मृत्यू पावले होते. पुढे अटल परतले. बसू येनानला गेले. कोटणीस मात्र जपानी वेढ्याच्या आत, डोंगराळ सीमाप्रदेशात राहिले.

१९४० च्या उत्तरार्धात आठव्या मार्गसेनेने जपानी रेल्वेमार्ग व ठाण्यांवर मोठी मोहीम उघडली. एका लढाईत तेरा दिवसांत आठशेच्या घरात जखमी कोटणीसांच्या पथकाने हाताळले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. औषधे, भूल देण्याची द्रव्ये आणि उपकरणे या सर्वांचीच टंचाई होती. या मोहिमेचा सूड म्हणून जपानी सैन्याने १९४१-४२ मध्ये उत्तर चीनमध्ये खेडीच्या खेडी जाळण्याचे धोरण अवलंबिले. रुग्णालय पाठीवर घेऊन या खेड्यातून त्या खेड्यात पळावे लागे. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांवर बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या प्रमुखपदाची जबाबदारी आली. ते चिनी भाषा इतकी शिकले होते, की त्याच भाषेत विद्यार्थ्यांना व्याख्याने देत, आणि शल्यशास्त्रावरचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहावयास घेतले होते. नोव्हेंबर १९४१ मध्ये परिचारिकांना शिकविणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनह्वा, म्हणजे हिंद आणि चीन. अतिश्रम, अपुरे अन्न आणि वरचेवर येणारे अपस्माराचे झटके यांनी शरीर खंगत गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी सारे संपले. पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले.

ही कथा मराठी माणसाला माहीत झाली ती मुख्यतः व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे. त्याचा आधार ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक होते. चीनने तर कोटणीसांना राष्ट्रीय वीराचा मान दिला. शिजियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारत-चीन मैत्रीचे सारे शब्द पोकळ ठरले, तरी त्या समाधीचा मान राखला गेला. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. चिनी पंतप्रधान मुंबईस आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेत. २०१३ मध्ये ली केकियांग यांनीही ती घेतली. या आदरात कृतज्ञता आहे, तसे राजकारणही आहे. दोन्ही देशांच्या सीमेवर तणाव असताना सौहार्दाचे प्रतीक म्हणून एक मृत डॉक्टर सोयीचा असतो. राष्ट्रे आपल्या सोयीने आठवण ठेवतात, हा नियम विजेत्याला लागू आहे तसाच पराभूतालाही लागू आहे.

पराभूत जपानची कथा मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. ३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या घटनेच्या नवव्या कलमाने जपानने युद्धाचा हक्कच सोडून दिला. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने तूट भरून काढण्यासाठी कर्जरोखे काढण्यावर बंधन घातले, कारण युद्धाचा पैसा अशाच रोख्यांतून उभा राहिला होता. ताकाहाशींच्या मरणाचा धडा जणू कायद्याच्या पुस्तकात उतरला. १९५४ मध्ये स्वसंरक्षण दल स्थापन झाले, पण जनमानसात त्याला प्रतिष्ठा नव्हती. १९७६ मध्ये मिकी मंत्रिमंडळाने संरक्षणखर्चाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याची मर्यादा घातली. नाकासोने यांच्या कारकीर्दीत, १९८७ च्या अंदाजपत्रकात, ती औपचारिकपणे दूर झाली. तरी प्रत्यक्ष खर्च त्यानंतरही दीर्घकाळ एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिला.

स्मृतीच्या बाबतीत जपानने दोन पावले पुढे आणि एक मागे अशीच चाल ठेवली. १९७८ मध्ये यासुकुनी देवस्थानात युद्धगुन्हेगार ठरलेल्या १४ प्रमुखांची नावे हुतात्म्यांच्या मालिकेत गुपचूप समाविष्ट झाली. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर तेथे कधीही गेले नाहीत. १९८२ मध्ये पाठ्यपुस्तकांतील आक्रमणाच्या उल्लेखांवरून चीन व कोरियाने निषेध नोंदविला. १५ ऑगस्ट १९८५ रोजी पंतप्रधान नाकासोने यांनी यासुकुनीला अधिकृत भेट दिली आणि गदारोळानंतर पुढच्या वर्षी ती टाळली. याच्या उलट, १५ ऑगस्ट १९९५ रोजी समाजवादी पंतप्रधान मुरायामा यांनी आक्रमणाबद्दल आणि वसाहतवादी राजवटीबद्दल स्पष्ट शब्दांत क्षमा मागितली. याच मुरायामांनी आदल्या वर्षी स्वसंरक्षण दल घटनाबाह्य असल्याची आपल्या पक्षाची जुनी भूमिका सोडून दिली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सैन्याला मान्यता आणि सैन्याच्या गतकृत्यांची कबुली या दोन गोष्टी एकाच माणसाने केल्या.

सामान्य जपानी नागरिकाचे मत बदलले ते मात्र क्षमायाचनेने किंवा घटनेवरील वादाने नव्हे, आपत्तींमुळे. जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात दलाला पाचारण करण्यास उशीर झाला आणि त्याबद्दल टीका झाली. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर सुमारे एक लाख जवान ढिगारे उपसत होते. ज्या गणवेशाकडे एक पिढी संशयाने पाहत होती, त्याच गणवेशाकडे दुसरी पिढी विश्वासाने पाहू लागली. २००७ मध्ये संरक्षण खात्याला स्वतंत्र मंत्रालयाचा दर्जा मिळाला, २०१५ मध्ये सामूहिक स्वसंरक्षणाचे कायदे झाले आणि मग २०२२ चा निर्णय आला. २०२३ च्या अंदाजपत्रकात स्वसंरक्षण दलाच्या वास्तू व जहाजांसाठी प्रथमच बांधकाम कर्जरोख्यांचा पैसा वापरण्यात आला. वृत्तपत्रांतून क्षेपणास्त्रांची चर्चा अधिक झाली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ही छोटी हिशेबी बाब अधिक महत्त्वाची वाटते. युद्धाची आठवण हिशेबाच्या एका नियमात टिकून होती. तो नियम सैल झाला.

तर मग जपानने शस्त्रे घेऊ नयेत काय? असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे जपानवरून गेली आहेत आणि चीनचे नौदल पूर्वीचे राहिलेले नाही. जो चीन १९३७ मध्ये आक्रमणाचा बळी होता, तोच आज शेजाऱ्यांना धाक वाटावा इतका बलवान झाला आहे. बळीची स्मृती बलवानाच्या हाती गेली की तिचाही शस्त्रासारखा उपयोग होतो, हे लडाखच्या सीमेकडे पाहणाऱ्या भारतीयाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. स्वतःचे रक्षण करण्याचा हक्क जपानला आहेच. प्रश्न आहे तो हा हक्क कोणाच्या नियंत्रणाखाली आणि कोणत्या आठवणीनिशी बजावला जातो याचा. आज तेथे निवडून आलेले मंत्रिमंडळ, लोकांना जबाबदार असलेली संसद आणि मुक्त वृत्तपत्रे आहेत. १९३६ आणि २०२२ यांतला हा फरक लहान नव्हे. परंतु संस्था टिकतात त्या त्यांच्या मागची आठवण टिकते तोवर. युद्ध पाहिलेली पिढी जपानमधून जवळजवळ नाहीशी झाली आहे.

येथे आपण स्वतःकडेही पाहणे उचित होईल. जपानविषयी आपली स्मृती एक नाही, निदान तीन आहेत. पहिली कोटणीसांची. दुसरी आझाद हिंद सेनेची. ज्या सुभाषबाबूंनी १९३८ मध्ये जपानविरुद्ध लढणाऱ्यांना डॉक्टर पाठविले, तेच १९४३ मध्ये जपानच्या साहाय्याने देश मुक्त करण्यास निघाले. तिसरी मराठा पलटणीची. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात शांगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनने जपानी हल्ला अनेक दिवस थोपवून धरला आणि त्यात पुष्कळ मराठी तरुण पडले. चौथा धागा जोडायचा तर न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचा. तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यात त्यांनी १९४८ मध्ये सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारा भिन्न निकाल दिला. यासुकुनीच्या आवारात त्यांचे स्मारक उभे आहे. परंतु याच पालांनी नानकिंगमधील अत्याचारांचा पुरावा भक्कम असल्याचे नमूद केले होते, हे त्यांचे जपानी चाहते सांगत नाहीत आणि आपणही फारसे सांगत नाही. निकालाचा सोयीचा अर्धा भाग तेवढा स्मारकात बसला.

जुईनगरसारख्या आमच्या भागात सातारा, सांगली, कोल्हापूरकडून येऊन सिडकोच्या घरांत स्थिरावलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. अनेकांच्या घरी कोणीतरी सैन्यात होते किंवा आहे. तेथे सैनिकाविषयी आदर आहे आणि तो योग्यच आहे. वर्गात मात्र असे आढळते, की हा आदर दाखविताना सैन्यावरील खर्च, त्यावरचे मुलकी नियंत्रण किंवा युद्धाची मानवी किंमत यांविषयी प्रश्न विचारणे म्हणजे देशाविषयी शंका घेणे, असा एक समज विद्यार्थ्यांत मूळ धरू लागला आहे. जपानमध्ये १९३० च्या दशकात नेमके हेच झाले होते. ताकाहाशी हे सैन्याचे शत्रू नव्हते. सैन्याची भूक देशाच्या ऐपतीत राहावी एवढेच त्यांचे म्हणणे होते. तो प्रश्न विचारणाराच नाहीसा झाल्यावर अखेर जपानी सैनिकाचेच सर्वाधिक हाल झाले. ब्रह्मदेशाच्या रानात आणि पॅसिफिकच्या बेटांवर तो उपासमारीने व रोगाने मेला.

कोटणीस हे काही शांततेचा उपदेश करणारे साधू नव्हते. ज्या सैन्याच्या रुग्णालयात ते काम करीत, त्याच्या विजयाची त्यांना आस होती आणि अखेरच्या वर्षी ते त्या देशाच्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले होते. त्यांच्या राजकीय निवडीशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. परंतु युद्ध त्यांनी नकाशावरून पाहिले नाही, शस्त्रक्रियेच्या मेजावरून पाहिले. तेथून जे दिसते, ते अंदाजपत्रकाच्या कोष्टकांत येत नाही आणि देवस्थानातील नावांच्या यादीतही येत नाही. जपानने आपली शस्त्रे वाढविताना यासुकुनीबरोबर नानकिंगचीही आठवण ठेवावी, चीनने कोटणीसांच्या समाधीवर फुले वाहताना त्यांच्या देशाच्या सीमेचाही मान राखावा, आणि आपण कोटणीस, शांगशाक व आझाद हिंद या तिन्ही आठवणी एकमेकींना झाकू न देता विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात. त्यासाठी नवे स्मारक उभारावयास नको. सोलापूरला त्यांच्या घराचे स्मारक आहेच. इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या तासाला त्यांचे नाव ताकाहाशींच्या नावाबरोबर एकदा तरी उच्चारले गेले, तरी पुष्कळ झाले.